बांगड्यांखालचं हाड

मी बांगड्या भरायचे. आम्ही जातीनं मण्यार, पण यवतपासून खुटबावपर्यंतच्या सगळ्या बाया आम्हाला सरसकट कासारीणच म्हणायच्या. मी कधी कुणाला दुरुस्त करायला गेले नाही. नाव काही का असेना, हात पुढे आला म्हणजे झालं.

माझं माहेर शिरूरचं, सासर यवतचं. बांगड्या भरायला मी शिकले ते अम्माकडून, शिरूरला. बाईचा हात हातात घेतला की लोकांना वाटतं आम्ही मनगट बघतो. मनगटाला काय बघायचंय? ते बारीकच असतं. बांगडी अडते ती अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीच्या मागच्या टेंगळावर. तळहातात पाच लांब हाडं असतात, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत. त्यातली अंगठ्याजवळच्या दोन बोटांमागची हाडं ठोकलेल्या खुंटीसारखी, हलत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, यांच्या मागची दोन हाडं मात्र थोडी दबतात. अंगठा आत घ्यायला लावायचा, ती दोन हाडं खाली दाबायची, हात लांबट झाला की बांगडी सरकवायची. अम्मा म्हणायची, "हात कू सताव नक्को, मनाव." मी हजारो हात मनवले. कुणाचं हाड आत वळलेलं, कुणाचं जुन्या मारानं जाड झालेलं, सगळं माझ्या बोटांना कळायचं. घरच्यांनी न पाहिलेलं हाड मी पाहिलेलं असायचं.

याचा मला गर्व होता. तो नाकावर बसलेलाच असायचा. आणखी एका गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे माझ्या हातून बांगडी वाढत नाही. सवाष्णीची बांगडी फुटली असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. फुटणं हा शब्दच त्या हाताजवळ न्यायचा नाही. मग मण्यारणीनं स्वतःच्या हातानं मुद्दाम बांगडी वाढवायची, ही गोष्ट आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

ही हकीकत साठ सालाच्या आगेमागेची आहे. मार्गशीर्षातले दिवस. खुटबावला कालव्याच्या बाजूला एक घर होतं, शेवंती आणि वांगी करणारं. घरात तीन माणसं. एक विधवा सासू, तिचा एकुलता एक मुलगा आणि एकोणीस-वीस वर्षांची सून. मुलगा दौंडला रेल्वेत इंजिनावर कोळसा मारायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेत या दोघी बायकाच बघायच्या. दिवाळीला मीच त्या सुनेच्या उजव्या हातात सात आणि डाव्या हातात आठ हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. हात कामाचा, पण हाडं नाजूक. भरताना ती एकदाही कण्हली नव्हती.

त्या दिवशी मी अंगणात बोचकं टेकवलं तर नेहमीसारखं कुणी बाहेर आलं नाही. आतून कण्हल्याचा आवाज आला. मी सरळ आत गेले. मला कुणाच्या परवानगीची वाट बघायची सवय नव्हतीच.

पोर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर, त्याला बांबूच्या कामट्या आणि फडकी गुंडाळलेली, आंबेहळदीचा वास. सासूनं सांगितलं ते असं. आदल्या दिवशी सकाळी गाडी सोडताना बैल बिथरला, जू खाली आलं, आणि सुनेचा हात जू आणि दगड यांच्या मधे सापडला. शेजारच्या वाडीतल्या तालमीतले एक आप्पा हाडं बसवायचे. त्यांनी येऊन लेप लावला, बोटं सरळ केली आणि कामट्या बांधल्या.

"आन् बांगड्या?" मी विचारलं.

"हायेत की हातात," सासू म्हणाली.

"आप्पांनी काढा म्हनून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं. काढायला गेलं तर निघंनात. म्हनले, वाढवा. मी न्हाई म्हनलं. माझा ल्योक इंजनावर हाय. रोज आगीपुढं हुबा ऱ्हातुया. त्यो जिता असताना ह्या घरात बांगड्या वाढवू व्हय? म्हनलं, बांधायचं तर तशीच बांधा."

आणि आप्पांनी तशीच बांधली होती. बांगड्यांवरून.

मी फडक्याबाहेर आलेली बोटं बघितली. ती बोटं राहिली नव्हती, वांगी झाली होती. रंगही तसाच. आमच्याकडे घट्ट बांगडी चढवली की बाईचं नख दाबून बघायची पद्धत आहे. दाबलं की नख पांढरं पडतं, सोडलं की झटकन लाल होतं. झटकन झालं तर बांगडी ठीक. मी तिचं करंगळीचं नख दाबून सोडलं. ते पांढरं ते पांढरंच. मी मनात पाच मोजले, तेव्हा कुठे जांभळट रंग परत आला. बोट हाताला गार लागलं.

"मी हात लावला त्ये कळतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "कालपतुर लई ठनकत व्हतं. आज सकाळपासनं ठनकंना. बरं व्हायला लागलं वाटतं."

दुखायचं थांबलं म्हणून ती बिचारी समाधानानं सांगत होती.

मी फडकी सोडली, सासू नको नको म्हणत असताना सोडली. आत हात चौपट सुजलेला. बांगड्या मनगटाच्या मांसात रुतून बसलेल्या, दोन तर दिसतही नव्हत्या, वरून नुसती घडी. रक्त जायला वाटच नव्हती.

आता इथे मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. त्या वेळी मला अक्कल होती, हाडं कळत होती, तरी गर्व अकलेच्या पुढे धावला. मला वाटलं, तालमीतल्या आप्पाला नाही निघाल्या म्हणून काय झालं? मी मण्यारीण आहे. मी न वाढवता काढून दाखवते. सासूचं मन राहील, पोरीचा हात राहील, आणि पंचक्रोशीत माझं नाव होईल. हो, नावाचा विचारही त्या घटकेला माझ्या मनात आला होता.

मी साबण मागितला, तेल मागितलं. हाताला चोपडलं. अंगठा आत घेतला आणि सवयीनं करंगळीकडची ती दोन हाडं खाली दाबली.

माझ्या अंगठ्याखाली हाडाचं टोक हाडावर घासलं. कोरड्या वाळूवर पाय पडावा तसा आवाज मला बोटांतूनच ऐकू आला. पोर इतक्या जोरानं ओरडली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. एक बांगडी निघाली होती. मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. "अजून एकच," म्हणत दुसरी ओढली. ती निघाली आणि पोरीनं मान टाकली.

तेव्हा मी भानावर आले. साबणाच्या हातानं तिच्या तोंडावर पाणी मारलं. ज्या दोन हाडांना दाबून मी आयुष्यभर बांगड्या चढवल्या तीच दोन हाडं मोडली होती आणि मी ती दाबत होते. या जगात ही चूक फक्त बांगडीवालीच करू शकली असती.

पोर शुद्धीवर आली तशी मी सासूला म्हटलं, "मावशी, ह्या निघनार न्हाईत. वाढवाया लागतील. आत्ताच्या आत्ता."

"माझ्या जिवात जीव हाय तवर न्हाई."

"डावा हात भरलेला हाय तिचा. आठ हायेत त्याच्यात. उजव्या दंडाला मी हळदीचा दोरा बांधते. हात मोकळा न्हाई व्हायचा."

"तू मुसलमानाची, तुला काय त्याचं?"

"मावशी, माझ्या बी हातात बांगड्या हायेत आन् माझा बी नवरा जिता हाय," मी म्हटलं, आणि आवाज चढला. "त्याचं काय व्हायचं त्ये वरचा बघंल. हिचा हात मातुर आज सांजंपतुर जाईल, त्ये मला दिसतंय. बोटं काळी पडली की तोडाया लागत्यात. मग ल्योकाला भाकरी कोन थापनार? मी?"

ती दारात आडवी बसून राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, भीती होती. मला त्या भीतीशी काय करावं ते कळेना. वाद घालणाऱ्या बाईशी मी दिवसभर भांडेन. घाबरलेल्या बाईशी कसं भांडायचं?

निर्णय घेतला तो त्या पोरीनं. सासूची पानाची चंची शेजारी पडली होती. पोरीनं डाव्या हातानं ती ओढली, आतून अडकित्ता काढला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

"वाढवा," ती म्हणाली. "त्येंचं आविष्य माझ्या बांगड्यांत न्हाई. मला हात पायजे."

सासूनं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी एक कामटी तासून पातळ केली, तेलात बुडवली, आणि बांगडी आणि मांस यांच्यामधे अलगद सरकवली, म्हणजे काच आत रुतायला नको. वरून ओलं फडकं धरलं. अडकित्त्याची पाती फडक्यावरून बांगडीवर टेकवली आणि दाबली. टक्क. एक. मी आयुष्यात पहिल्यांदा सवाष्णीच्या हातातली बांगडी जाणूनबुजून वाढवली. माझे हात कापत होते असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते कापत नव्हते. एवढा राग आला होता मला स्वतःचा, की कापायला सवड नव्हती. दुसरी. तिसरी. शेवटच्या दोन मांसात होत्या, त्यांना वेळ लागला. पाचवी निघाली आणि थोड्या वेळानं पोर कळवळली, "ठनकायला लागलं!" ते ऐकून मला रडू आलं. मी नख दाबून बघितलं. रंग परतायला अजून वेळ लागला, पण आला तो लाल.

हळदीचा दोरा मी तिच्या कोपराच्या वर, सैल बांधला. काचा वेचून पदरात बांधल्या. मग सासूला म्हटलं, "आता दौंडच्या डॉक्टरकडं."

सासू आली नाही. शेजारच्या घरातून एक दीर लागणारा माणूस निघाला, आणि मी निघाले. माझं बोचकं तिथेच अंगणात राहिलं. दुपारच्या गाडीनं आम्ही खुटबावहून दौंडला गेलो. गाडीत मी तिचा हात तिच्या छातीपेक्षा उंच धरून ठेवला होता. माझ्या खांद्याला रग लागली, पण खाली केला नाही.

डॉक्टर उतारवयाचे होते, कमी बोलणारे. त्यांनी हात बघितला, बोटांना टाचणी टोचून कळतं का विचारलं. दोन बोटांना कळलं, दोन बोटांना अर्धवट. मग हाडं चाचपली.

"कुणीतरी ओढलंय हे," ते म्हणाले. "करंगळीशेजारचं हाड मोडून जागेवरून सरकलंय."

डॉक्टर सोडून खोलीत आम्ही तिघं होतो. तो दीर आप्पांचं नाव घ्यायला निघालाच होता.

"मी ओढलं," मी म्हटलं. "दोन बांगड्या ओढून काढल्या. मग बाकीच्या वाढवल्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "वाढवल्या नसत्या तर बोटं गेली असती," ते म्हणाले. "ओढत राहिला असता तर मूठ गेली असती. मूठ अजून जाऊ शकते. बघू."

त्यांनी मला बाहेर काढलं नाही. कदाचित मी निघणार नाही हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी तिला भूल दिली आणि ती हाडं कशी बसवली ते मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. त्यांनी बोट धरून सावकाश ओढलं, खालून वर दाबलं, मग सगळी बोटं मिटवली आणि नुसतंच बघत बसले. मी विचारलं, काय बघता? ते म्हणाले, "मूठ मिटली की चारही बोटांची टोकं मनगटाच्या एका जागेकडे वळायला हवीत, अंगठ्याच्या मुळापाशी. एक जरी बोट शेजारच्या बोटावर चढलं तर समजायचं हाड पिळलंय. बोटं सरळ ठेवून बांधली तर हे दिसतच नाही. सगळं छान दिसतं, आणि महिन्यानं मूठ वळत नाही."

मी तिथल्या तिथे स्वतःची मूठ मिटून बघितली. इतके हात धरले होते, पण कधी मूठ मिटवून बघितली नव्हती. मला उघड्या हाताशीच काम.

त्यांनी पेला धरल्यासारखी बोटं वाकवून खालून अर्धं प्लास्टर दिलं आणि हात गळ्यात उंच बांधला. सूज उतरल्यावर पक्कं प्लास्टर, चार आठवडे. निघताना ते म्हणाले, "हाडं महिन्यात जुळतील. खरं काम त्यानंतर आहे. तिला मूठ वळायची नाही. दुखेल म्हणून ती वळवणार नाही, आणि घरचे म्हणतील जाऊ दे."

परतीच्या गाडीत मी ठरवलं. ही मूठ मी वळवून घेईन. ते हाड मी सरकवलं होतं, त्याचं निस्तरणंही माझ्याच अंगावर. नवऱ्याला रात्री सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्या गावात आता तुझ्याकडून कुणी बांगडी भरणार नाही." मी म्हटलं, "नको भरू देत."

आणि खरंच कुणी भरेना. पोरीचा हात राहतो की जातो हे कळायच्या आधी गावभर झालं, कासारणीनं नवरा जिता असताना बांगड्या वाढवल्या. मी आळीतून जायचे आणि बाया दारं पुढे ओढायच्या. ज्यांच्या लग्नाचा चुडा मी भरला होता त्या म्हणायच्या, "फुडच्या बाजाराला बगू." पोरीचा नवरा सुट्टीवर घरी आला तेव्हा त्यानं म्हणे आईला अंगणात उभं राहून सांगितलं, "आये, मी हितं हुबा हाय. हात लावून बग. आजून ग्येलो न्हाई." गाव हसलं, पण सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मी दर आठवड्याला जात राहिले. एक बांगडी न खपता, यवतहून चालत. प्लास्टर असेपर्यंत नुसतं बघून यायचे, बाहेर आलेल्या बोटांची टोकं हलवायला लावायचे. चार आठवड्यांनी दौंडला प्लास्टर निघालं आणि हात बाहेर आला तो वाळलेला, कातडीचे पापुद्रे निघालेला. डॉक्टर म्हणाले, "मिट." बोटं तिथेच. जेमतेम बोटभर हलली. पोर माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलंच नाही, नाहीतर मलाच धीर राहिला नसता.

बांगड्या ओवून न्यायची माझी एक लाकडी दांडी होती, अंगठ्याएवढी जाड. तिच्यावर मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळत गेले, पार वरवंट्याएवढी जाड होईपर्यंत. ती तिच्या हातात दिली. एवढ्या जाडीला तिची बोटं पोचत होती. म्हटलं, गरम पाण्यात हात शेकायचा आणि ही दाबायची, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला मी येऊन एक पट्टी काढणार.

पहिली पट्टी निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या आठवड्याला हात अडला. पट्टी काढली तर बोटं पोचेनात. मी धरून वाकवली. ती रडली. मी वाकवतच राहिले, हळूहळू, हाडाला नव्हे, सांध्याला धरून. तिनं दांडी भिंतीवर फेकली.

"नगं मला मूठ! डाव्या हातानं करीन समदं!"

"डाव्या हातानं खुरपं चालंल?" मी ओरडले. "डाव्या हातानं फुलं खुडशील, भाकरी थापशील, पोर झालं तर त्याला न्हाऊ घालशील? रडायचं तर रड. रडताना बोटं मिट."

फार कडक बोलले मी. तिच्यापेक्षा माझीच भीती बोलत होती. पण ती उठली, दांडी उचलून आणली, आणि रडत रडत दाबायला लागली. स्वयंपाकघराच्या दारामागे सासूची सावली हलली. मी ती पाहिली.

पुढच्या आठवड्यात गेले तर ओट्यावर गरम पाण्याचं घंगाळ आधीच ठेवलेलं होतं. पाण्यात मीठही टाकलेलं. कुणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती, कारण पोर शेतात होती.

चैत्र लागेपर्यंत दांडी उघडी पडली. पोरीनं नुसत्या लाकडाला बोटं टेकवली, मग लाकूड काढून मूठ मिटली. मी खाली वाकून बघितलं. चारही टोकं एका जागेकडे, कुठलं बोट कुणावर चढलेलं नाही. करंगळीशेजारचं टेंगूळ मात्र खाली बसलेलं होतं, मुठीत तिथे खळगा दिसायचा. डॉक्टर म्हणाले त्यानं काही बिघडत नाही. ते खरंच होतं, तिनं पुढे त्याच हातानं मळे खुरपले. पण तो खळगा माझा होता, आणि त्या घरात गेले की माझं लक्ष आधी तिकडेच जायचं.

त्याच दिवशी तिनं उजवा हात पुढे केला. मी सात बांगड्या भरल्या. हाडं दाबावी लागली नाहीत, हात इतका उतरला होता. नवरा सुट्टीवर घरीच होता, दारात विडी ओढत बसला होता, चांगला धडधाकट. त्याला तसा बसलेला बघून असेल, आळीतल्या बाया एकेक करून आल्या. दुपारपर्यंत ओट्यावर गर्दी झाली. मी कुणाला काही टोचून बोलले नाही, म्हणजे फार बोलले नाही.

गर्दी पांगली. मी बोचकं बांधायला लागले. तेवढ्यात सासू येऊन माझ्यासमोर बसली. मार्गशीर्षापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं पदराखालून उजवा हात काढला आणि माझ्यापुढे धरला, बांगड्या भरायला धरतात तसा.

मी गोंधळले. ती विधवा. इतक्या वर्षांत मी असा हात कधी धरला नव्हता. विधवा आम्हाला हाक मारत नाहीत, आणि आम्हीही त्यांच्या हाताकडे बघत नाही.

"भरू नगंस," ती म्हणाली. "बग."

मी हात घेतला. तळहात चाचपत करंगळीकडे गेले आणि थांबले. करंगळीच्या मागचं हाड मधोमध वाकडं होतं, सुपारीएवढी गाठ. मी तिला मूठ मिटायला सांगितली. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली, आणि बाकीची अर्ध्यात थांबली.

"कवापासनं?"

"ह्येचा बा ग्येला तवापासनं," तिनं दाराकडे मान हलवली. "बायांनी दोन्ही हात धरलं आन् पाट्यावर आपटलं. बांगड्या वाढवाया. मी वढत व्हते, त्या आपटत व्हत्या."

इतके महिने मी या बाईला अडाणी, हट्टी, देवभोळी, काय काय म्हटलं होतं मनात.

"आता सरळ व्हनार न्हाई, मावशी," मी म्हटलं. "जुनं झालं. वाकडंच जुळलंय."

"त्ये मला ठावं हाय. सरळ कर म्हनत न्हाई मी. कुठं मोडलंय त्येवढं सांग."

मी तिचा डावा अंगठा धरला आणि त्या गाठीवर टेकवला. "हितं. ह्ये करंगळीचं हाड. मधनं मोडलं, पिळलं, आन् तसंच बसलं. म्हनून मूठ वळत न्हाई."

"म्हंजी मोडलं व्हतं?"

"व्हय. मोडलं व्हतं."

"समदी म्हनली, शोकानं हात आखडला," ती म्हणाली. "दिवस कार्य व्हईस्तवर हात सुजलेला, कुनी बगितला न्हाई. शोक उतरला की व्हईल सरळ, म्हनली. मी बी त्येच धरून बसले. म्हनलं, आपला शोकच उतरंना."

ती अंगठ्यानं ती गाठ पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. मग तिनं घरात तोंड करून सुनेला मोठ्यानं हाक मारली.

"अगं ये, हिकडं ये! ह्ये बग, माझं बी मोडलंय."